समासातले रंग

आमच्या बॉनच्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक गेली अकरा वर्षं मी काढते. संपादक मी, मुद्रितशोधक मी, लेखांसाठी लोकांच्या मागे लागणारी मी, आणि अंक उशिरा आला की बोलणी खाणारीही मीच. कवितेखाली कवीचं नाव, चकलीच्या कृतीखाली ती पाठवणारीचं नाव, इतकंच काय, कार्यक्रमानंतर हॉल झाडणाऱ्या चार जणांची नावंसुद्धा मी आभारात घालते. ऊर्मिलाताई नावांच्या बाबतीत फार काटेकोर, असा माझा लौकिक आहे. तो किती पोकळ होता हे यंदा कळलं, म्हणून हे लिहायला बसले. पण गोष्ट माझी नाही, स्नेहलताची आहे.

स्नेहलता म्हणजे भास्कर तासगावकरांची बायको. बघा, सुरुवातच चुकली. गेली वीस वर्षं मी तिची ओळख अशीच करून देत आले आहे. पुन्हा सांगते. स्नेहलता तासगावकर ही मूळची कोल्हापूरची. चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा 'ए' श्रेणीत, मग आर्ट टीचरचा डिप्लोमा, आणि मग नोकरी कुठे, तर कॅलेंडरं छापणाऱ्या एका छापखान्यात. लक्ष्मीच्या साडीला, विष्णूच्या अंगाला, मागच्या ढगांना छपाईआधी रंगांचे हात देणाऱ्या तिघींपैकी ती एक. कॅलेंडरच्या कोपऱ्यात चित्रकाराची ऐटदार सही असायची. या तिघी कुठेच नसायच्या, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं त्या तिघींनाही वाटायचं नाही.

लग्न होऊन ती बॉनला आली. भास्करराव इथल्या टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. माणूस गमत्या आणि हाताने उत्तम व्यंगचित्रकार. आमच्या अंकाचं मुखपृष्ठ दर वर्षी त्यांचं. एका वर्षी ऱ्हाइनच्या बोटीतून निघालेले गणपती, एका वर्षी ट्राममध्ये तिकीट तपासनिसाला शंकरपाळे देणारी आजी. लोक अंक हातात घेतला की आधी मुखपृष्ठ बघून हसायचे आणि म्हणायचे, "भास्करने यंदा पण कमाल केली!" आता खरं सांगायचं तर भास्कररावांना हिरवा आणि पोपटी यातला फरक कळत नाही. ते काळ्या शाईत रेषा काढून मोकळे व्हायचे. रंग स्नेहलता भरायची. नोव्हेंबरातलं इथलं राखाडी आकाशसुद्धा ती असं रंगवायची की त्यात किंचित जांभळा कुठेतरी डोकावायचा, आणि ते आकाश उदास न वाटता पावसाळी संध्याकाळी घरी चहा ठेवल्यासारखं वाटायचं. हे मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते.

पहिल्या वर्षी मी तिला फोनवर विचारलंही होतं, "तुझं नाव घालू का गं?"

"नको हो ताई. मी काय, फक्त रंग भरते."

"बरं," मी म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. 'मुखपृष्ठ: भास्कर तासगावकर' असं अकरा वर्षं छापत राहिले.

स्नेहलताला जर्मनीत चित्रकलेची नोकरी कुठली मिळणार? तिने भाषेचे कोर्स केले आणि एका सेनिओरेनहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या निवासात, त्यांचं मन रमवणारी मदतनीस म्हणून लागली. गाणी म्हणायची, पत्ते खेळायचे, दर बुधवारी रंगांचा तास घ्यायचा. तिथे फ्राऊ क्यूपर्स, म्हणजे क्यूपर्सबाई, होत्या. वय शहाऐंशी, चाकाची खुर्ची, हृदय अशक्त, जीभ मात्र ठणठणीत. रंगांच्या तासाला त्या यायच्या, पण खिडकीकडे पाठ करून बसायच्या. ब्रश कधी हातात घ्यायच्या नाहीत.

गेल्या वर्षी एका बुधवारी स्नेहलता पान रंगवून दाखवत होती. छापखान्यातली सवय अशी की रंग थेट चित्रावर लावायचा नाही. आधी कागदाच्या समासात चार-पाच छोटे फटकारे मारून बघायचे, जमलेल्या छटेखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं, आणि मगच आत शिरायचं. तिने टिंब दिलं आणि खिडकीकडून आवाज आला.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"कोल्हापूरला."

"ते कुठे आलं?"

"ब्रुसेल्सच्या जरा पुढे," बाई मूळच्या बेल्जियमच्या हे ठाऊक असल्याने स्नेहलता गमतीने म्हणाली.

फ्राऊ क्यूपर्स हसल्या. मग म्हणाल्या, "आम्हीही टिंबच द्यायचो."

मारी-लुईझ क्यूपर्स बेल्जियममधल्या ऑयपेनच्या, म्हणजे तिथल्या जर्मन बोलणाऱ्या गावच्या. विसाव्या वर्षी त्या ब्रुसेल्सला एका चित्रकथेच्या स्टुडिओत लागल्या. त्या काळी तिकडे चित्रकथांची मोठी, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं निघायची. लहानथोर सगळे त्यांच्यावर तुटून पडायचे. त्यांच्या स्टुडिओची मालिका होती कॅप्टन ओडिलाँची. ओडिलाँ हा कालव्यांतून मालाची बोट चालवणारा मिशाळ माणूस आणि पिपा ही त्याची भांडखोर हंसीण. चित्रकार देल्फोस काळ्या शाईत पानं काढायचे. मग तीच पानं जाड कागदावर अगदी फिक्या निळ्या रेषांत छापून क्यूपर्सबाईंच्या टेबलावर यायची. त्या निळ्या रेषांवर बाईंनी रंग भरायचे. काळ्या रेषांची एक पारदर्शक फिल्म वेगळी असायची, ती वर ठेवून बघायचं. छापताना फिका निळा नाहीसा व्हायचा, काळी रेष आणि रंग उरायचे. अठरा वर्षं त्यांनी हे केलं. ओडिलाँची निळी टोपी, पिपाची केशरी चोच, पहाटेचे कालवे, सगळं त्यांच्या हातचं. पुस्तकांवर नाव एकट्या देल्फोसांचं.

काम झालं की ते निळे कागद स्टुडिओत रद्दीत जायचे. बाई ते घरी आणायच्या. स्टुडिओ बंद झाल्यावर बॉनला बहिणीकडे आल्या, इथे कागद-पेन्सिलींच्या दुकानात वीस वर्षं उभ्या राहिल्या, आणि निळ्या कागदांची पेटी त्यांच्यासोबत शेवटी त्या निवासातल्या कपाटात येऊन पडली. स्नेहलताने ती उघडली त्या दिवशी ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली. "ताई, पहाटेचं पाणी आहे ना, तिने ते गुलाबी केलंय. पाणी गुलाबी! आणि तेच बरोबर आहे!" एवढंच ती तीनदा म्हणाली.

पुढची काडी टाकली तिच्या लेकीने, ज्ञानदाने. ही येना शहरात कॉलेजात शिकते, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने शोधून काढलं की कोलोनचा एक छोटा प्रकाशक ओडिलाँची सगळी पुस्तकं जर्मनमध्ये नव्याने काढतोय आणि जुनं साहित्य कोणाकडे असेल तर कळवा असं आवाहनही त्याने केलंय. "मामा, श्राइब दोख!" ती फोनवर आईवर ओरडली. आई, लिही की, म्हणून. स्नेहलताने लिहिलं.

प्रकाशनाच्या संपादक फ्राऊ लोरेंट्स आठवड्याच्या आत धावत आल्या. बाई चांगल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोलू. पेटीतले कागद बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जुन्या छापील पुस्तकांतले रंग उडालेले, मूळ रंग कुठेच नाहीत, आणि इथे शहाण्णव पानं जशीच्या तशी! त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की पहिला खंड या कागदांवरून करायचा. कागद स्कॅन करायचे, डाग काढायचे, आणि ज्या पानांचे कागद नाहीत तिथे बाईंच्या हाताशी जुळणारे रंग संगणकावर भरायचे. हे काम स्नेहलतालाच दिलं. तिच्या शेजारी बसून बाई सांगणार, ती करणार.

मारी-लुईझबाईंनी एकच गोष्ट विचारली. "माझं नाव छापाल?"

फ्राऊ लोरेंट्स अवघडल्या. हक्क देल्फोसांच्या पुतण्याकडे होते. काकांनी रेषा, रंग, सगळं स्वतः केलं, स्टुडिओतल्या मुली नुसत्या ब्रश धुवायच्या, असं त्या घरात सगळे मानत होते. पुतण्या म्हणाला, पुरावा दाखवा, मी नाही म्हणणार नाही. पण पुस्तक सप्टेंबरात छपाईला जाणार होतं. त्याच्या आत पुरावा नाही मिळाला तर नाव नाही, आणि दुसरा खंड निघायला दोन वर्षं.

"दोन वर्षं मला घाई नाही," बाई म्हणाल्या, "पण हृदयाला आहे."

तेव्हापासून स्नेहलताच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. बाई जिवंत असताना बाईंचं नाव छापून आलं पाहिजे. सकाळची ड्युटी संपली की ती बाईंच्या खोलीत संगणक मांडून बसायची. घरी भास्कररावांचा डबा चुकला, माझ्याकडची भिशी चुकली. ही तीच स्नेहलता, जी स्वतःसाठी दुकानात बदलून मिळणारी चप्पलसुद्धा बदलून आणत नाही.

कागद मोठे होते, आणि मंडळाचा मोठा स्कॅनर माझ्या घरी. मी आनंदाने म्हणाले, आण इकडे. दोन दिवसांत शहाण्णव पानं स्कॅन करून फ्राऊ लोरेंट्सना पाठवलीसुद्धा. स्वतःवर खूश होते. आठवड्याने त्यांचा निरोप आला की रंग अप्रतिम आहेत, पण कोणाचे ते यावरून काहीच सिद्ध होत नाही.

त्या दुपारी स्नेहलता माझ्याकडे आली. चप्पलही न काढता आत आली, म्हणजे बघा. माझ्या संगणकावर तिने पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"ऊर्मिलाताई, समास कुठे गेले?"

"कसले समास?"

"कागदाच्या कडा. चारी बाजूंच्या. कुठे गेल्या?"

"अगं, त्या कापल्या मी. स्कॅनमध्ये गं, कागद नाही कापले. सगळीकडे रंगाचे डाग होते, पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या. नीट चौकटीपर्यंत साफ करून दिलं. मी नेहमी करतेच ना, तुझ्या मुखपृष्ठांचं पण..."

मी बोलता बोलता थांबले, कारण तिचा चेहरा बदलला होता. वीस वर्षांत मी तिला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"ते डाग नव्हते, ताई," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तिथेच तर ती बाई आहे! चित्रात देल्फोस आहेत, समासात ती आहे. तुम्ही नेमकी तीच कापलीत!"

मी साठ वर्षांची बाई, संपादक वगैरे. पण मला त्या क्षणी शाळेत छडी खाल्ल्यासारखं झालं. मी गुपचूप पेटी उघडली, स्कॅनर चालू केला आणि पहिला कागद पुन्हा काचेवर ठेवला, या वेळी कडेपासून कडेपर्यंत.

तेव्हा मी ते समास पहिल्यांदा नीट पाहिले. प्रत्येक पानाच्या डावीकडे रंगांचे पाच-सहा फटकारे, एकाखाली टिंब. खाली तारीख आणि बारीक अक्षरात 'एम. एल. के.' आणि छापखान्याला दिलेल्या ताकिदी! "नाकाला लाल कमी. कॅप्टन म्हातारा आहे, दारुडा नाही." "मागच्या वेळी पिपा पिवळी छापलीत. तिला कावीळ झालेली नाही." मी आणि स्नेहलता वाचून वाचून हसत होतो. फ्रेंच मला जेमतेम येतं, स्नेहलताला त्याहून कमी. फोनवर शोधत, अंदाज बांधत वाचत होतो. आणि एकसष्टाव्या कागदावर, उजव्या समासात, वेगळ्या हाताची जाड पेन्सिल दिसली. त्या मजकुराचा अर्थ आम्ही दोनदा तपासून पाहिला. "मारी-लुईझ, आकाश तुझ्यावर सोपवतो. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं." खाली देल्फोसांची सही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असते तीच, तशीच ऐटदार.

हातच्या कंकणाला आरसा कशाला? पुतण्याला काकांचं अक्षर ओळखायला दोन मिनिटं लागली असतील. भला माणूस निघाला. त्याने स्वतः बाईंना पत्र लिहिलं, माफी मागितली आणि नाव छापायला होकार दिला.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी फ्राऊ लोरेंट्स फ्रायगाबे घेऊन आल्या. जर्मनीत कागदावर सही झाल्याशिवाय श्वाससुद्धा घेता येत नाही. तर हे परवानगीपत्र, बाईंचे निळे कागद छापायला बाईंची संमती. सोबत शीर्षकपानाचा नमुना. सोमवारी सगळं छपाईला जाणार होतं. सही नसेल तर हे कागद वापरता आले नसते, प्रकाशकाने नवेच रंग भरून घेतले असते, आणि कागदांबरोबर नावही गेलं असतं. निवासाच्या बैठकीत बाई खुर्चीवर, शेजारी स्नेहलता, केक घेऊन मी, आणि भास्करराव कॅमेरा घेऊन उभे.

बाईंनी चष्मा लावला आणि नमुना वाचला. 'चित्रे: देल्फोस. रंग: मारी-लुईझ क्यूपर्स.' त्या किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. नावावरून बोट फिरवलं. मग पान उलटलं, पुन्हा पहिल्या बाजूला आणलं, आणि पेनाचं टोपण काढून हातात धरलं. पुढे काही केलं नाही.

"चार महिने माझ्या शेजारी बसून पस्तीस पानं पुन्हा कोणी रंगवली?"

"फ्राऊ तासगावकरांनी," फ्राऊ लोरेंट्स म्हणाल्या.

"तिचं नाव कुठे आहे?"

"मी विचारलं होतं त्यांना. त्या नको म्हणाल्या." त्यांनी स्नेहलताकडे पाहिलं. "हो ना?"

"नाही हो, खरंच नको," स्नेहलता घाईघाईने म्हणाली. "मी फक्त जुळवले. रंग यांचेच आहेत."

मारी-लुईझबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

"आल्झो, असं आहे तर," त्या म्हणाल्या, "मग मी सही करत नाही."

फ्राऊ लोरेंट्स घड्याळाकडे बघू लागल्या. स्नेहलता तर रडकुंडीला आली. "फ्राऊ क्यूपर्स, असं नका करू. तुमचं नाव आहे त्यात. त्याच्यासाठीच तर सगळं केलं आपण!"

"तुला खरं सांगू?" बाई तिच्याकडे वळल्या. "देल्फोसने मला विचारलं होतं. त्रेसष्ट साली. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, मारी-लुईझ, तिसऱ्या पुस्तकात तुझं नाव घालू? मी म्हणाले, नको, कशाला, मी फक्त रंग भरते. मला वाटलं, तो पुन्हा विचारेल. मी वाट बघत होते. पण त्याने विचारल्याचं समाधान त्याला मिळालं होतं. पुढे पंधरा वर्षं मी त्याच्याकडे काम केलं, त्याने परत कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. आता तू तेच वाक्य बोलतेस. अगदी तेच. आणि मी त्याच्याखाली सही करू?"

मला आतून कोणीतरी गदगदा हलवलं. आपण मराठी माणसं! पंक्तीत श्रीखंडाला कोणी 'नको' म्हणालं तर आपण ऐकतो का? तीनदा आग्रह करतो, हाताआडून वाढतो. 'नको' म्हणायची रीत आहे आणि ते न ऐकायचीही रीत आहे, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. याच स्नेहलताने मला तिच्या घरी चौथी पुरणपोळी नको नको म्हणताना खायला लावली आहे. आणि मी? पुरणपोळीच्या बाबतीत इतकी समजदार असलेली मी, नावाच्या बाबतीत तिच्या पहिल्याच 'नको'वर पातेलं उचलून पुढे गेले. अकरा वर्षं. तिकडे बेल्जियममधल्या देल्फोसांना तरी आग्रहाची रीत ठाऊक नसेल. मला होती.

"स्नेहलता," मी मराठीत म्हणाले, "लिही."

"अहो पण ताई..."

"पण नाही आणि बिण नाही. लिही तुझं नाव. मी अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, आज विचारते. तिसऱ्यांदाही विचारते. आता बास."

भास्कररावांनी कॅमेरा खाली ठेवला. हा माणूस सतत विनोद करणारा, पण त्या वेळी त्यांनी विनोद केला नाही. "मीही कधी पुन्हा विचारलं नाही गं," ते म्हणाले. "तू नको म्हणालीस की मला बरंच वाटायचं. लिही."

स्नेहलताने पेन उचललं. शीर्षकपानाच्या नमुन्यावर लिहायला गेली आणि अडली. मग सवयीने तिने काय करावं? पानाच्या समासात पेनाने दोन छोटे फटकारे मारून बघितले, शाई नीट येते का. मारी-लुईझबाई खुदकन हसल्या. "टिंब दे," त्या म्हणाल्या. स्नेहलताने टिंब दिलं आणि बाईंच्या नावाखाली लिहिलं: 'रंगांचे पुनर्भरण: स्नेहलता तासगावकर.' जर्मनमध्येच लिहिलं, पण वळण कोल्हापूरचंच. फ्राऊ लोरेंट्सनी लगेच फोटो काढून कचेरीत पाठवला. मग बाईंनी फ्रायगाबेवर सही केली, स्वच्छ, न थांबता. फ्राऊ लोरेंट्सची गाडी थोडक्यात चुकली, त्यामुळे त्यांना केकचे दोन तुकडे खावे लागले. दुसरा मीच आग्रहाने वाढला.

पुस्तक ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं. बाईंनी ते मांडीवर घेतलं, नाव पाहिलं, खालचं नाव पाहिलं, आणि लगेच पान सात उघडून म्हणाल्या, "चोच किंचित पिवळी आलीय." स्नेहलता म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, मलाही तेच वाटलं." दोघी मग अर्धा तास चोचीबद्दल बोलत बसल्या. मी शेजारी बसून डोळे पुसत होते आणि माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं.

यंदाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तुम्ही पाहिलंच असेल. पहिल्या पानावर लिहिलंय, 'मुखपृष्ठ: रेषा भास्कर तासगावकर, रंग स्नेहलता तासगावकर.' त्याखाली आधीच्या अकरा अंकांची वर्षं देऊन तीच दुरुस्ती छापली आहे आणि संपादकाची माफीही. मुखपृष्ठाच्या एका बाजूचा समास मी या वेळी कापलेला नाही. तिचे पाच फटकारे आणि एक टिंब तिथे तसेच आहेत. दोन जणांनी मला विचारलं, छपाईत डाग पडलेत का. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, त्यांना घाई होती तरी.

अंक वाटला त्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये मारी-लुईझबाईही आल्या होत्या. खुर्चीवर बसून चकली कशी मोडायची याचा अभ्यास करत होत्या. स्नेहलता त्यांच्यासाठी चहा आणायला उठली, तेवढ्यात राजस नावाचा एक मुलगा आमच्यापाशी आला. पुण्याचा, इथे युनिव्हर्सिटीत पीएचडीला नुकताच लागलेला, फारसं कोणाला न ओळखणारा.

"भास्करकाकांच्या मिसेस ना तुम्ही?" त्याने अदबीने विचारलं. "तुम्ही काय करता?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण मी ते गिळलं आणि स्नेहलताकडे बघत राहिले.

"मी रंग भरते," ती म्हणाली.

मी थोडा वेळ वाट पाहिली. 'फक्त' आलं नाही. ती चहा आणायला गेली.